खाणावळीच्या पाटीपासून चौदा अंकांपर्यंत

दिवाळी जवळ आली की हल्ली चकली-चिवड्याच्या पिशव्या दुकानांच्या दारात रांगेने टांगलेल्या दिसतात. फराळ घरीच व्हावा हा आग्रह आता फारसा उरलेला नाही, आणि नोकरी करणाऱ्या गृहिणीकडे तो धरणे न्यायाचेही नाही. अशी एखादी पिशवी उलटी करून पाहावी. वजन, किंमत, तारीख यांच्या शेजारी बारीक टाइपात चौदा अंकांची एक संख्या छापलेली असते. पहिला अंक एक असेल तर तो परवाना, दोन असेल तर ती नोंदणी. पुढचे दोन अंक राज्याचे. महाराष्ट्राचे पंधरा, कर्नाटकाचे बारा, मध्य प्रदेशाचे चौदा. केंद्राचा परवाना असलेल्या मोठ्या कारखान्याच्या मालावर तेथे दोन शून्ये येतात. त्यानंतरचे दोन अंक वर्षाचे आणि उरलेले नोंदणी करणाऱ्या अधिकाऱ्याचे व अनुक्रमाचे. आपल्या भागात बेळगावचा कुंदा आणि कोल्हापूरचा चिवडा एकाच ताटात येतात. ताटात सीमा राहत नाही. पिशवीवर मात्र बारा आणि पंधरा वेगळे राहतात.

हे अंक कोठून आले? खाण्याचा पदार्थ विकणाऱ्याने सरकारदरबारी नाव नोंदवावे, परवाना घ्यावा, ही कल्पना आपल्याकडे कशी रुजली? ‘भेसळ थांबावी म्हणून’ हे उत्तर कोणीही देईल, आणि ते खोटे नाही. पण आपल्या समाजापुरते ते अर्धेच आहे. आपल्याकडे खाणारा ‘यात काय मिसळले आहे?’ असे फार उशिरा विचारू लागला. त्याआधी शतकानुशतके तो एकच प्रश्न विचारीत होता, ‘हे कोणाच्या हातचे आहे?’ परवान्याचा इतिहास म्हणजे या दुसऱ्या प्रश्नाच्या जागी पहिला प्रश्न येण्याचा इतिहास आहे, असे मला वाटते. तो येथे थोडक्यात मांडतो.

राज्यकर्त्यांची नजर खाद्यविक्रेत्यावर फार जुन्या काळापासून आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात धान्य, तेल, क्षार, मीठ, सुगंधी द्रव्ये आणि औषधे यांत हलका माल मिसळणाऱ्यास बारा पण दंड सांगितला आहे. त्याच ग्रंथात शिजवलेले मांस विकणारा ‘पाक्वमांसिक’ आणि शिजवलेला भात विकणारा ‘औदनिक’ यांनी ओळखीच्या माणसालाच आपल्याकडे मुक्कामास ठेवावे, असा नगरव्यवस्थेचा नियम येतो. यातील पहिली चिंता ग्राहकाच्या हिताची, दुसरी राज्याच्या सुरक्षिततेची. परका माणूस प्रथम उतरतो तो जेवणाच्या ठिकाणी, तेव्हा त्या ठिकाणावर लक्ष असावे हा हेतू. ही दुसरी परंपरा किती चिवट आहे पाहा. १९५१ च्या मुंबई पोलीस कायद्यातही खाद्यगृहांच्या नोंदणीची तरतूद होती, आणि मुंबईतील हॉटेलमालक आरोग्य खात्याच्या परवान्याबरोबर पोलिसांचे प्रमाणपत्रही भिंतीवर लावीत.

आधुनिक अर्थाने खाद्य व्यवसायाचा परवाना आपल्याकडे इंग्रजी अमदानीत आला. इंग्लंडला तो धडा महागात पडला होता. १८५८ साली ब्रॅडफर्ड शहरात बाजारात विकलेल्या पेपरमिंटच्या गोळ्या खाऊन वीसजण दगावले आणि शेकडो आजारी पडले. साखर महाग म्हणून गोळ्यांत जिप्समची भुकटी मिसळण्याची तिकडे रीतच होती; त्या दिवशी औषधविक्रेत्याच्या दुकानातून भुकटीऐवजी सोमल दिला गेला. १८६० साली तेथे भेसळीविरुद्ध पहिला कायदा झाला आणि १८७५ चा अन्न व औषध विक्रीचा कायदा त्यातूनच पुढे आला. मुंबई इलाख्यात १८८८ च्या महापालिका कायद्याने शहरातील अनेक धंद्यांना पालिकेच्या परवान्याखाली आणले आणि १८९९ साली इलाख्याचा स्वतंत्र भेसळ प्रतिबंधक कायदा झाला. १८९६ च्या प्लेगने शहराला स्वच्छतेची जी दहशत बसवली होती, ती त्या वेळी ताजी होती.

पण त्याच मुंबईत गिरणगावच्या चाळींतून जेवणाची जी खरी व्यवस्था उभी राहिली, ती या कागदांच्या बाहेरची होती. कोकणातून, साताऱ्याहून, कोल्हापूरकडून आलेला गिरणी कामगार कुटुंब गावी ठेवून येई. त्याची जेवणाची सोय आपल्याच भागातल्या एखाद्या बाईच्या खाणावळीत असे. महिन्याचे पैसे, दोन वेळचे जेवण. या खाणावळीला पाटी नसे, परवानाही नसे. गाव आणि जात हीच तिची पाटी. शहरात जेथे पाट्या होत्या, तेथेही तेच लिहिलेले असे. ‘ब्राह्मणांची खाणावळ’, ‘मराठा खाणावळ’, ‘हिंदू हॉटेल’ या पाट्या गेल्या पिढीतील वाचकांनी डोळ्यांनी पाहिल्या आहेत. रेल्वे स्थानकावर पाणीसुद्धा हिंदूंचे वेगळे आणि मुसलमानांचे वेगळे मिळे. कोपऱ्यावरचा इराणी तेवढा सर्वांना एकाच बाकावर चहा देई, आणि म्हणूनच सनातनी घरांतून तेथे जाण्यास बंदी असे. खाणाऱ्याची खात्री पटवणारी वस्तू म्हणजे स्वयंपाक करणाऱ्याची जात होती. भांडे घासलेले आहे की नाही, पाणी गाळलेले आहे की नाही, हे प्रश्न तिच्या मागून येत.

या व्यवस्थेला सर्वांत धीट धक्का दिला तो आपल्या कोल्हापुरात. गंगाराम कांबळे यांची हकीकत शाहू छत्रपतींच्या चरित्रांतून येते. दरबारच्या नोकरीत असलेल्या या अस्पृश्य तरुणाने सवर्णांच्या हौदाला हात लावला म्हणून त्याला मारहाण झाली. महाराजांनी मारणाऱ्यांना शासन केले, आणि गंगारामला स्वतंत्र धंदा काढण्यासाठी साहाय्य दिले. त्यातून १९२० च्या आसपास भाऊसिंगजी रस्त्यावर ‘सत्यसुधारक’ हे चहाचे हॉटेल उभे राहिले. जागा स्वच्छ, चहा उत्तम. पण स्पृश्य गिऱ्हाईक फिरकेना. तेव्हा महाराज आपला लवाजमा घेऊन तेथे थांबू लागले, स्वतः चहा पिऊ लागले आणि बरोबरच्या मंडळींनाही पाजू लागले. पुढे त्यांनी गंगारामला सोड्याचे यंत्रही मिळवून दिले.

या प्रसंगाकडे आपण नेहमी समाजसुधारणेची गोष्ट म्हणून पाहतो. मला त्यात आजच्या विषयाचे मर्म दिसते. गंगारामजवळ धंद्याला लागणारे सर्व होते. नव्हती ती लोकांनी विश्वास ठेवावा अशी ओळख. जातीने जी ओळख दिली होती ती गिऱ्हाइकाला दारातूनच परत पाठवीत होती. राजाने स्वतःच्या हाताने कप उचलला, तोच त्या हॉटेलचा परवाना ठरला. पण प्रत्येक गंगारामच्या दुकानात राजा कसा येणार? राजाच्या कपाचे काम करील असा एखादा कागद हवा होता, जो कोणालाही मिळेल आणि ज्यावर जात लिहिलेली नसेल.

स्वतंत्र भारताने तो कागद तयार केला, आणि त्या घटनेची तारीख लक्षात ठेवण्यासारखी आहे. भारतीय संविधानाच्या पंधराव्या कलमाने दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे व हॉटेले यांत कोणालाही जातीच्या किंवा धर्माच्या कारणाने मज्जाव करता येणार नाही, असे सांगितले होते. त्याला अनुसरून अस्पृश्यता गुन्हा कायदा झाला आणि तो १ जून १९५५ रोजी अमलात आला. अन्न भेसळ प्रतिबंधक कायदा मंजूर झाला होता १९५४ साली. तोही अमलात आला १ जून १९५५ रोजीच. एकाच दिवशी दोन कायदे! दोन वेगळ्या खात्यांच्या कामाचा हा योगायोग असेल, पण इतिहास कधी कधी अशा योगायोगांतून अधिक स्पष्ट बोलतो. एका कायद्याने सांगितले की स्वयंपाक करणाऱ्याची आणि जेवणाऱ्याची जात विचारू नका. दुसऱ्याने सांगितले की ताटात काय आहे ते विचारा.

हे दोन कायदे परवान्यापाशी येऊन एकमेकांना भेटतात. अस्पृश्यता गुन्हा कायद्याच्या आठव्या कलमानुसार, अस्पृश्यतेच्या कारणाने माल विकण्याचे किंवा सेवा देण्याचे नाकारल्याबद्दल दोषी ठरलेल्या माणसाकडे त्या धंद्याचा परवाना असेल, तर न्यायालय तो रद्द किंवा निलंबित करू शकते. १९७६ साली या कायद्याचे नाव नागरी हक्क संरक्षण कायदा झाले. हे कलम राहिले. म्हणजे अन्न स्वच्छ असले तरी वागणूक अस्वच्छ असेल तर परवाना जाऊ शकतो. आपल्याकडील परवान्याला हा जो दुसरा अर्थ आहे, तो ब्रॅडफर्डच्या गोळ्यांतून आलेला नाही. तो महाडच्या तळ्यावरून आणि कोल्हापूरच्या हॉटेलातून आलेला आहे.

त्यानंतर दीड वर्षाने, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, राज्यांची पुनर्रचना झाली. सीमाभागातील वाचकाला या तारखेबद्दल वेगळे सांगायला नको. बेळगाव, कारवार मुंबई राज्यातून गेले ते त्या दिवशी. त्याच दिवशी भोपाळ नव्या मध्य प्रदेशाची राजधानी झाले. जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर होती. तेथील सचिवालयातले कर्मचारी, त्याचबरोबर ग्वाल्हेर-इंदूरकडचे कर्मचारी भोपाळला आले. त्यांत मराठी कुटुंबे पुष्कळ होती. या नोकरवर्गासाठी जुन्या नवाबी शहराबाहेर सरकारी निवासांच्या वसाहती वसल्या. त्यांतली एक तात्या टोपे यांच्या नावाची, एक तुलसीनगर आणि एक शिवाजीनगर. गल्ल्यांना पूर्वापार नावे नव्हती, म्हणून बसथांब्यांचे आकडेच ठिकाणांची नावे झाली. शिवाजीनगरचा माणूस पत्ता सांगतो तो ‘पाच नंबर’, ‘सहा नंबर’ असा.

शिवाजीनगरचे उदाहरण मी मुद्दाम घेतो. गिरणगावात खाणावळीला पाटी लागत नसे, कारण जेवणारा आणि वाढणारी एका गावचे. बदलीच्या नोकरदारांच्या वसाहतीत शेजारी कोठला, ठेलेवाला कोठला, कोणालाच ठाऊक नाही. सकाळी कार्यालयात जाण्यापूर्वी पोहे-जिलबी खाणाऱ्यात नागपूरचा असतो, रीवाचा असतो, खुद्द भोपाळचाही असतो. ‘कोणाच्या हातचे’ हा प्रश्न तेथे विचारताच येत नाही, आणि विचारून उत्तर मिळाले तरी त्याचा अर्थ लागत नाही. सहा नंबरच्या हॉकर्स कॉर्नरसारख्या जागी गाडीपुढे उभा राहिलेला माणूस तेलाचा रंग पाहतो, पाण्याचे पिंप झाकलेले आहे का ते पाहतो आणि पुढचे सरकारवर सोपवतो. आज सारा देशच एक मोठे शिवाजीनगर होत चालला आहे. म्हणून परवान्याचा प्रश्न पूर्वीपेक्षा आज अधिक महत्त्वाचा.

आता कायद्याच्या कामाकडे वळू. १९५४ च्या कायद्यात निरीक्षकाने नमुना घ्यावा आणि त्याचे तीन भाग करावेत, अशी मूळ पद्धत होती. एक विक्रेत्याजवळ, एक सरकारी विश्लेषकाकडे, एक निरीक्षकाकडे. विक्रेत्यालाही आपली बाजू तपासून घेता यावी ही त्यात न्यायबुद्धी होती. परंतु नमुना घेतला जाई तो माल बाजारात आल्यावर. परवाना देण्याचे काम राज्यांच्या नियमांवर आणि स्थानिक संस्थांवर राहिले. फळांच्या पदार्थांसाठी १९५५ चा आदेश, मांसपदार्थांसाठी १९७३ चा, दुधासाठी १९९२ चा, अशी वेगवेगळी फर्माने. दुकान म्हणून गुमास्ता परवाना घ्यायचा तो आणखी निराळा. मोठा कारखानदार वकील ठेवून यातून वाट काढी. छोटा माणूस सरळ परवान्यावाचून धंदा करी. आणि १९९८ साली दिल्लीत मोहरीच्या तेलात पिवळ्या धोतऱ्याचे तेल मिसळल्याने जलोदरासारख्या सुजेची साथ येऊन साठाच्या आसपास माणसे मेली, तेव्हा कागदांच्या या गर्दीत माणूस किती उघडा आहे ते दिसले.

२००६ च्या अन्न सुरक्षा व मानके कायद्याने ही सारी फर्माने एका छत्राखाली आणली. ५ ऑगस्ट २०११ पासून परवाना व नोंदणीचे नियम अमलात आले. या नियमांनी मूळ आखणी अशी केली : वर्षाला बारा लाख रुपयांपर्यंत उलाढाल असणाऱ्या छोट्या व्यावसायिकाने केवळ नोंदणी करावी, वर्षाचे शुल्क शंभर रुपये, त्यावरच्यांनी राज्याचा, आणि फार मोठ्यांनी केंद्राचा परवाना घ्यावा. फेरीवाला, हातगाडीवाला, तात्पुरता ठेला मांडणारा, घरगुती उद्योग करणारा, इतकेच नव्हे तर धार्मिक-सामाजिक समारंभात अन्न वाटणारासुद्धा नोंदणीच्या कक्षेत आला. अर्ज आल्यावर अधिकाऱ्याने सात दिवसांत नोंदणी द्यावी, कारण देऊन नाकारावी किंवा तपासणीची सूचना काढावी. काहीच न केले तर अर्जदार धंदा सुरू करू शकेल, असेही नियमाने सांगितले. प्रमाणपत्र आणि छायाचित्राचे ओळखपत्र गाडीवर ठळक जागी लावावे, हेही.

या शेवटच्या वाक्यावर वाचकाने क्षणभर थांबावे. शिवाजीनगरच्या पोहेवाल्याच्या गाडीवर त्याचे छायाचित्र आणि दोन-एक-चार असा आरंभ होणारा क्रमांक लटकतो, तेव्हा भाताच्या हंडीमागे बसलेला तो अनामिक ‘औदनिक’ दोन हजार वर्षांनी राज्याच्या दप्तरात नावानिशी येतो. तो कोणाला मुक्कामास ठेवतो हे राज्य आता पाहत नाही. तो लोकांना काय खाऊ घालतो याचा जबाबदार माणूस म्हणून त्याची नोंद घेते. नोंदीचा त्यालाही उपयोग असतो. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली मुंबईत खाणावळवाल्या बायकांना घेऊन अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले, ते का? या बाया पिढ्यान्पिढ्या हजारो कामगारांना जेवू घालीत होत्या, पण बँकेच्या दृष्टीने त्या धंदा करीतच नव्हत्या. त्यामुळे कर्ज मिळे ते सावकाराकडून. मंडळ झाले, नाव झाले, तेव्हा बँकेचे दार उघडले. ज्याची नोंद नाही तो लुटला जातो, मग तो खाणारा असो की रांधणारी.

कायद्याची ही बाजू उजळ आहे. व्यवहाराची तितकी नाही. माझ्या ओळखीच्या एक बाई पोळी-भाजी केंद्र चालवतात. शंभर रुपयांच्या नोंदणीसाठी त्यांनी मध्यस्थाला त्याच्या कितीतरी पट पैसे मोजले, कारण अर्ज संगणकावर भरायचा आणि इंग्रजी त्यांना येत नाही. प्रमाणपत्र आले, चौकटीत बसवून भिंतीवर लागले. त्यानंतर त्यांचा ओटा पाहायला कोणी आलेले नाही. नोंदणीकृत जागेची वर्षातून निदान एकदा तपासणी व्हावी असे नियमातच म्हटले होते. तपासणीवाचून क्रमांक म्हणजे परीक्षा न घेता दिलेली गुणपत्रिका. ती मुलाच्या काही कामाची नाही आणि पालकाची मात्र फसवणूक आहे.

आम्हा शाळावाल्यांना हा विषय दूरचा नाही. १६ जुलै २०१३ रोजी बिहारमधील सारण जिल्ह्यात एका प्राथमिक शाळेत दुपारचे जेवण जेवून तेवीस मुले दगावली. तेलात कीटकनाशक होते. तेथे तेल नवे होते की जुने, हा प्रश्न गौण होता. ते कोणी, कोठून, कशातून आणले हे विचारणारे कोणी नव्हते, हेच खरे कारण. पुढे पोषण आहाराच्या नियमांत मुलांना वाढण्यापूर्वी शिक्षकाने चव घेण्याचा दंडक पक्का झाला. २०२० च्या नियमांनी तर स्वयंपाकघर चालवणाऱ्या शाळेनेही खाद्य व्यावसायिक म्हणून नोंद करावी असे ठरवले. आमच्या काही सहकाऱ्यांना हे अपमानास्पद वाटले. शाळा म्हणजे काय हॉटेल? मला तसे वाटत नाही. तीनशे मुलांना जो खाऊ घालतो त्याचे नाव कोठेतरी लिहिलेले असलेच पाहिजे.

परवान्याचा मूळ हेतू विसरला की जुनी पाटी नव्या रूपात परत येऊ पाहते, याचा पडताळा अलीकडेच आला. जुलै २०२४ मध्ये उत्तरेत कावड यात्रेच्या मार्गावरील खाद्यगृहांनी मालकाचे व नोकरांचे नाव दर्शनी लिहावे, असे आदेश निघाले. सर्वोच्च न्यायालयाने २२ जुलै २०२४ रोजी त्यांना अंतरिम स्थगिती दिली. कोणते पदार्थ मिळतात हे सांगायला लावता येईल, नावे सांगण्याची सक्ती करता येणार नाही, असा तिचा आशय होता. पुढच्या वर्षी त्याच काळात प्रश्न पुन्हा पुढे आला, तेव्हा न्यायालयाने म्हटले की कायद्याने लावायचे परवाने व नोंदणी प्रमाणपत्रे हॉटेलवाल्यांनी लावावीत. १ जून १९५५ चे दोन कायदे शेजारी ठेवले तर हा निवाडा परका वाटत नाही. जबाबदार माणूस सापडला पाहिजे, म्हणून क्रमांक हवाच. त्या माणसाचे आडनाव वाचून घास खाली ठेवायचा असेल, तर तो क्रमांक कशासाठी?

ग्राहक म्हणून आपल्याकडून या इतिहासाचे मागणे फार थोडे आहे. ज्या गाडीवर, ज्या खाणावळीत आपण जेवतो तेथे क्रमांक लावला आहे का ते पाहावे. नसेल तर मालकाशी भांडण न काढता त्याला विचारावे, आणि अर्ज भरता येत नसेल तर आपल्या घरातील शिकलेल्या मुलाला त्याच्याबरोबर बसवावे. क्रमांक असेल तर पाण्याचे पिंप आणि हात पुसण्याचे फडके तरीही पाहावे. गंगाराम कांबळ्यांच्या हॉटेलात महाराजांनी जो कप उचलला, तो आता आपल्या हातात आहे. तो उचलण्यापूर्वी काय पाहायचे, एवढेच आपण ठरवायचे.